गादी, गाडी आणि कादरभाऊ

अगं ये, अशी जवळ ये. तिथं पलंगाच्या काठावर अर्धी टेकून काय बसलीस, एसटी सुटायला आल्यासारखी? आल्या आल्या मोबाइल, बसल्या बसल्या घड्याळ. इतके दिवस कुठं होतीस हे मी विचारणार नाही. विचारलं की तुमच्याकडं कारणं तयारच असतात. नीट बस, पाठ टेक. आमचे कादरभाऊ म्हणतात, बसायचं तर पुरतं बसावं, नाहीतर उभंच राहावं.

कादरभाऊ म्हणजे आमच्या साखरखेर्ड्याचे गादीवाले. पिंजारी. माझ्या घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडं त्यांचं दुकान, दुकानामागं घर. वय सत्तरीच्या आतबाहेर. दाढीत, भुवयांत, कानांवर कायम कापूस. त्यातले पिकलेले केस कोणते आणि रुई कोणती, हे त्यांच्या बायकोला, जुबेदाभाभीलासुद्धा सांगता येत नाही. हा माणूस कुठंही गेला तरी आधी बसत नाही. आधी अंगठा दाबतो. खुर्ची असो, सोफा असो, दवाखान्यातलं तपासायचं टेबल असो, उजव्या हाताचा अंगठा बैठकीत खुपसायचा, डोळे मिटायचे, अंगठा काढायचा आणि खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते ओठांतल्या ओठांत मोजायचं. मग निकाल. "बसण्याजोगी हाये." किंवा, "हे गादी नोय, कापडात गुंडाळेल थाप हाये."

मेहकरला एका लग्नात नवरदेव यायच्या आधीच हे स्टेजवर चढले. लाल मखमलीचा तो राजाराणीचा सोफा असतो ना, त्यात अंगठा खुपसून डोळे मिटून उभे. नवरीकडच्यांना वाटलं, नवरदेवाकडचं कुणी वडीलधारं माणूस आहे, त्यांच्याकडची काही रीत असेल. नवरीचा मामा धावत आला, पाया पडला, टोपी-नारळ दिला. कादरभाऊंनी टोपी डोक्यावर घातली, नारळ काखेत मारला आणि मामाला म्हणाले, "पोरीले डाव्या अंगानं बसवजा. उजव्या अंगाची स्प्रिंग तुटेल हाये."

मामा ऐकतो कशाला? पण नवरी आपसूकच डावीकडं बसली आणि नवरदेव उजवीकडं बसला तो थेट खाली गेला. त्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत नवरी नवऱ्याहून एक वीत उंच आहे.

गावातल्या प्रत्येक घराची गादी त्यांच्या हाताखालून गेलेली. गादी उसवली की घर उसवतं, असं ते म्हणतात. कोण कोणत्या कुशीवर झोपतं, नवराबायकोचे दोन खड्डे जवळ आहेत का लांब, कोणाची उशी रडून कडक झालीय, सगळं त्यांना कळतं. पण तोंडातून अक्षर निघत नाही. माझे मालक गेले तेव्हा मी महिनाभरानं गादी पिंजायला दिली. परत आली ती निम्मी! मी रस्त्यात उभी राहून भांडले. "कादरभाऊ, माझी अर्धी गादी कुठं गेली? गावाला पुरवली का?" ते आत गेले आणि एक नवा लोड आणून माझ्या हातात दिला. "हे घे तुझी अर्धी. ताई, दोघाच्या गादीवर एकटं माणूस झोपलं तं सारखं बाजूचा खड्डा चाचपते. आता लोडाले पाठ लाव अन् नीज." मी तो लोड अजून वापरते. भांडले ते मात्र उगीच भांडले.

तर असा माणूस. त्याचे दुश्मन दोन. एक फोम, दुसरं हायब्रीड.

फोमचं समजतं, फोमनं धंदा खाल्ला. हायब्रीडचं त्यांनी मला एकदा रुईचे दोन पुंजके हातात देऊन समजावलं होतं. आपल्या जुन्या देशी कपाशीची रुई आखूड आणि आडमुठी. दाबली की उसळून वर येते. हायब्रीडची रुई लांब, मऊ, रेशमासारखी. कपड्याला चांगली, गादीला कुचकामी. "देशी रुई सासूवानी असते, ताई. कितीही दाबा, वर येते. हायब्रीड म्हणजे लाडाची लेक. एकदा बसली का बसली." तेव्हापासून जे जे दिसायला छान आणि टिकायला कच्चं, ते सगळं त्यांच्या लेखी हायब्रीड. हायब्रीड थंडी, हायब्रीड दोस्ती. एकदा दाढ दुखली आणि डॉक्टरकडं जायच्या आत थांबली, तर म्हणाले, "दाढदुखीबी हायब्रीड निंगाली."

आता त्यांच्या घरातलं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्यांना एकच मुलगा, इरफान. लहानपणापासून दुकानात वाढला, हात चांगला होता. बावीसेक वर्षांचा असताना त्यानं पहिल्यांदा एकट्यानं लग्नाची गादी शिवली. गिऱ्हाईक न्यायला आलं, आणि कादरभाऊंनी त्याच्यासमोर गादी उलटी करून सगळे टाके उसवले. एकूण एक. "टाका तिरपा हाये. लोकाच्या पोरीच्या संसारात तिरपा टाका नाही घालायचा." इरफान आठ दिवसांनी वाळूजला कारखान्यात लागला. कसला कारखाना? जुबेदाभाभीनं सांगितलं, गाडीच्या सिटा शिवतो. फोमच्या! झालं. कादरभाऊ म्हणाले, "मह्या घरात फोम घुसला," आणि मुलाशी बोलणं टाकलं.

चार वर्षं झाली ह्याला. सुरुवातीला इरफान ईदला यायचा. दोघं एकाच दस्तरखानावर जेवायला बसायचे आणि बोलायचे जुबेदाभाभीमार्फत. "त्याले विचार, शेवया घेते का." "अब्बांना सांग, घेतो." दोघांत अंतर एका हाताचं. भाभी मला म्हणायची, "सुमनताई, मी बायको नाही, मी माय नाही, मी टेलिफोन हाये." यंदाच्या ईदला तो आलाच नाही. काम आहे म्हणाला. त्या दिवशी कादरभाऊ दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसून होते आणि कोणी विचारलं तर सांगत होते, "हवा खाऊन राह्यलो." भाभीला मात्र धसका बसला. ती म्हणाली, आता हा असाच तुटला, तर ह्यांच्या मातीलाच येईल.

आणि ह्या चार वर्षांत एक नवीनच खोड लागली. गावात कोणाचीही चारचाकी आली की कादरभाऊ हजर. दार उघडायला लावायचं, अंगठा दाबायचा, नाव ठेवायचं. डॉक्टरची गाडी, बियाणेवाल्याची गाडी, पाहुण्यांच्या गाड्या. "बेकार. याच्यापक्षी बैलगाडीत कडबा टाकेल बरा." आम्ही समजायचो, फोमवरचा राग काढतात.

आता माझ्या विजयचं. विजय पुण्याला असतो. तिथून त्याचा फोन आला. आमच्याकडं रेंज कशी, तर अंगणातल्या कडुनिंबाखाली डावा हात वर करून उभं राहिलं तर येते. विजय म्हणाला, "आई, हायब्रीड गाडी घेतली." मला ऐकू आलं, हायब्रीड गादी घेतली. म्हटलं, घेतली असेल बाप्पा, पुण्याला काय काय मिळतं. आणि माझं तोंड कुठं गप्प राहतं? समोर कादरभाऊ दिसले, सांगून टाकलं. "विजयनं हायब्रीड गादी घेतली. खूप भारी आहे म्हणे. घेऊन येऊन राह्यला दाखवायला."

कादरभाऊंच्या हातातला कापूस हातात राहिला. "गादी? मी जित्ता असताना?"

"पुण्याहून आणतोय म्हणे."

"अन् हायब्रीड?"

"हाव."

"किती माणसाची?"

आता मी फोनवर हेच विचारलं होतं, किती माणसं मावतात. "पाच," मी म्हटलं.

कादरभाऊंनी माझ्याकडं असं पाहिलं की बस. पाच माणसांची गादी! आठ दिवस माझ्या घरचा चहा घेतला नाही. लग्नात, बाळंतपणात, दुखण्यात आमच्या घराला ज्यांनी गाद्या शिवून दिल्या, त्यांना डावलून पोरानं परक्याकडून पाचजणांची हायब्रीड गादी घ्यावी! मला तर कळेचना की आपलं चुकलं काय.

मग विजय आला. दारात गाडी उभी राहिली. राखाडी रंगाची, चकचकीत, डोळे बारीक केलेल्या माणसासारखे दिवे. आणि आवाज नाही! मी पडवीत बसले होते, मला वाटलं ढकलत आणली. विजय हसत उतरला, म्हणाला, "आई, ही माझी हायब्रीड."

"अन् गादी कुठं आहे?"

"कसली गादी?"

हे सगळं कादरभाऊ रस्त्यापलीकडून ऐकत होते. कधी आले कळलं नाही, शेजारी उभे. गादीचं गाडी झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आधी उजेड पडला आणि मग परत अंधार. "मंग हायब्रीड काय हाये? सीटमंधली रुई?"

विजय म्हणाला, "नाही चाचा, रुईचा काही संबंध नाही. ही पेट्रोलवरही चालते आणि बॅटरीवरही."

"कधी कशावर?"

"ते गाडीच ठरवते."

"एका घरात दोन मालक असले तं घर चालत नाही. गाडी कशी चालते?"

मी विचारलं, "चार्जिंगला कुठं लावायची? पडवीतलं बटण ढिलं आहे."

"लावावी नाही लागत, आई. ब्रेक दाबला, गाडी हळू झाली, की वीज आपोआप बनते."

"थांबलं की वीज बनते?"

"तसंच समज."

आता ह्यावर काय बोलावं? आमच्या गावात निम्मं काम थांबलेलंच असतं, मग वीज काऊन जाते? मी तसं विचारलं तर विजय म्हणाला, आई, तू ना. त्यानं वीस मिनिटं समजावलं, पुढच्या काचेखाली टीव्हीवर बाण दाखवले. हिरवा बाण इकडून तिकडं, निळा तिकडून इकडं. मी मान डोलावली. खरं सांगते, मला अजूनही कळलेलं नाही. बटण दाबल्यावर चालू झाली का बंद झाली, तेही कळत नाही. कादरभाऊ तर दर पाच मिनिटांनी म्हणत होते, "पोट्ट्या, बंद पडली तुही गाडी," आणि ती आपली गुपचूप चालूच.

मग तपासणी सुरू झाली. आधी बाहेरून एक फेरी. मागून छत उतरतं होतं. ते पाहून म्हणाले, "मांगं बसणाऱ्यानं मान खाली घालून जायचं अन् मान खाली घालूनच निंघायचं. हे गाडी नव्या सुनेसाठी काढेल दिसते." मागची काच पाहिली. "हे खिडकी नोय, चिमणीनं ठेवेल भोक हाये." आत शिरले. दोन्ही बाजूंनी फुगलेली सीट, माणूस मधे अडकतो. "कवळ्यात घेते. पण वळख ना पाळख, असं कोणी कवळ्यात घेतलं तं बरं वाटते का, ताई?" विजयनं एक बटण दाबलं आणि सीटमधून गार हवा यायला लागली. कादरभाऊ टुणकन उठले. "अबे, फाटली ना! गादीतून वारा निंघून राह्यला!"

"चाचा, फाटली नाही. उन्हाळ्यासाठी सोय आहे. पाठीला घाम येत नाही."

"घाम न यायले मलमलची खोळ असते. त्याले बटण नाही लागत." मग हळूच मला म्हणाले, "पण पाठ गार झाली हां."

मागच्या सीटखाली बॅटरी आहे, हे विजयनं सांगायला नको होतं. कादरभाऊ म्हणाले, विजेवर मी बसणार नाही. मी म्हटलं, मग राहू द्या. तर म्हणाले, "पण बसल्याबिगर कळन कसं?" आणि बसले. चांगले मधोमध.

विजयनं आम्हाला हिवरा आश्रमापर्यंत चक्कर मारून आणली. आता मला विचारशील, गाडी कशी आहे? अगं, तिथंच तर घोळ आहे. खड्डे लागले नाहीत म्हणावं तर माकडहाड दुखलं. माकडहाड दुखलं म्हणावं तर कमरेला इतका आराम पडला की हिवऱ्याला मला उतरावंसं वाटेना. आवाज नाही म्हणून छान वाटावं, तर आवाज नाही म्हणूनच जीव घाबरा होतो, की हे चाललंय कशावर. विजय आरशातून विचारतो, "आई, आवडली ना?" आणि शेजारून कादरभाऊ विचारतात, "ताई, बेकार हाये ना?" मी दोघांनाही हो म्हटलं. एकदा तर दोघांना मिळून एकच हो म्हटलं.

कादरभाऊ मात्र सगळ्या वाटेनं बाहेर बघत नव्हते. अंगठा सीटच्या कडेवर, डोळे मिटलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजय अंघोळीला गेला होता. मी दारात सडा टाकायला गेले तर गाडीचं मागचं दार उघडं आणि बाहेर दोन पाय. चप्पल ओळखीची. कादरभाऊ सीटखाली डोकं घालून आडवे पडलेले. माझ्या हातातली बादलीच पडली. "कादरभाऊ! काय झालं? पडलात का?"

"नाही. पाहून राह्यलो."

"काय पाहून राह्यले?"

"शिलाई."

विजय टॉवेल गुंडाळून धावत आला. नवी गाडी, आणि कादरभाऊंच्या खिशात गादी शिवायचा वीतभर लांब दाभण कायम असतो. पण त्यांनी दाभण काढलाच नव्हता. सीटच्या खालच्या अंगाला, जिथं कोणी कधी बघत नाही, तिथल्या शिवणीवरून ते बोट फिरवत होते. जपून, तान्ह्या लेकराच्या टाळूवरून फिरवावं तसं.

"विजय, हे सीट कोठी बनते रे?"

"माहीत नाही चाचा. वेगवेगळ्या ठिकाणी बनत असेल."

"वाळूजले बनते?"

विजयनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं. आणि अगं, तेव्हा मला डॉक्टरची गाडी आठवली, बियाणेवाल्याची आठवली, पाहुण्यांच्या सगळ्या गाड्या आठवल्या. चार वर्षं हा माणूस राग काढत नव्हता. चार वर्षं हा माणूस दारोदार पोराचा हात हुडकत होता.

विजय टॉवेलावरच खाली वाकला, सीटखाली चिकटवलेली बारीक पट्टी वाचली. "नुसता नंबर आहे, चाचा. गावाचं नाव नाही."

"शिवणाऱ्याचं?"

"शिवणाऱ्याचं कुठं असतं?"

"हाव. आपणबी गादीवर कुठं नाव घालतो." ते उठून बसले. म्हणाले, "कोणाच्या तरी पोरानं शिवेल हाये. एक टाका दुसऱ्याहून लांब नाही. तिरपा तं नाहीच नाही."

मी म्हटलं, "कादरभाऊ, इरफानचाच हात असेल." मला काय कळतं त्यातलं? पण निघालं तोंडातून.

ते म्हणाले, "ताई, तू फोन लाव. तू बोल. मी नाही. म्हण, तुह्या बापानं शिलाई पाह्यली. सीधी हाये. एवढंच म्हण अन् ठेवून दे."

मग काय, कडुनिंबाखाली मी, डावा हात वर. माझा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो. तो बारीक कसा करायचा, हे विजयनं तीनदा शिकवलंय. पलीकडं मशिनींची घरघर ऐकू आली, मग इरफानचा आवाज. "मावशी? काय झालं? अम्मा ठीक हाये ना?"

"सगळे ठीक आहेत रे. तुझ्या अब्बांनी तुझी शिलाई पाहिली. सीधी आहे म्हणाले."

"कोणती शिलाई?"

"विजयच्या गाडीची. सीटची. हायब्रीड आहे ती."

पोरगा म्हणाला, "मावशी, मी कारच्या सिटा नाही शिवत. आमच्या कारखान्यात ट्रॅक्टरच्या सिटा बनतात."

अगं, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आपल्याकडं सगळीच गाडी! मोटरसायकल गाडी, जीप गाडी, बैलाची गाडी, ट्रॅक्टरही गाडीच. भाभीनं सांगितलं गाडीच्या सिटा, आम्ही सगळे कार समजून बसलो. मी बसले, गाव बसलं आणि हा बाप चार वर्षं लोकांच्या कारमध्ये अंगठे खुपसत बसला. आणि दुकानासमोरून दिवसाला वीस ट्रॅक्टर जातात! आवाज मोठा असल्यानं कादरभाऊंनी सगळं ऐकलेलं. आता सांगावं काय, झाकावं काय, मला सुधरेना. तिकडून इरफान हळूच विचारतो, "पण मावशी, अब्बा खरंच म्हणाले? सीधी हाये म्हणून?"

मी हो म्हणू का नाही? हो म्हणावं तर शिलाई त्याची नाही. नाही म्हणावं तर बाप बोलला ते खोटं नाही.

तेवढ्यात कादरभाऊंनी माझ्या हातातून फोन घेतला. उलटा धरला, पण घेतला.

"ट्रॅक्टरची सीट?" ते म्हणाले.

"हाव, अब्बा."

"ट्रॅक्टरवर माणूस दिवसभर बसते. ढेकळात बसते. त्याले खरी सीट पाहिजे. हे कारवाले काय, हवा खाऊन उतरून जातात." विजय तिथंच टॉवेलावर उभा होता, बिचारा. "धागा कोणता वापरता?"

"नायलॉनचा."

"किती पेडी?"

"तीन."

"तीनपेडी बराबर हाये. टाका गच्च वढता का?"

"मशीन वढते, अब्बा."

"मशीन वढते, पण कापड कोण धरते?"

"मी."

"तं मंग तूच शिवतो. मशीन कायले शिवते!"

जुबेदाभाभी केव्हाची दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर तोंडाशी धरून. टेलिफोनाला त्या दिवशी काही काम उरलं नव्हतं.

बोलणं आता संपतंय असं वाटलं, तर कादरभाऊ फोन तोंडाजवळ नेऊन एकदम बारीक आवाजात म्हणाले. मोठ्या आवाजाच्या फोनवर इकडून बारीक बोललं काय आणि मोठं बोललं काय, मला शेजारी सगळं ऐकू आलं. "तुह्या मायच्या गादीचे टाके सुटले. मी नाही उसवले, आपोआप सुटले. चार महिने झाले, तशीच पडेल हाये. मले आता दाभणात दोरा ववता येत नाही रे. तुही मायच रोज सकाळी दहा दाभण ववून ठेवते, तेवढ्यावर दुकान चालते. कोणाले सांगजो नको."

मी समोर राहते. चाळीस वर्षं समोर राहते. रोज बघते आणि मला हे माहीत नव्हतं. तो अंगठा, ते मिटलेले डोळे, मी आपली हसायची. अगं, त्यांना दिसतच नव्हतं नीट.

पलीकडच्या मशिनी बंद झाल्या असाव्यात, घरघर थांबली. "जुम्म्याला येतो, अब्बा."

"सवडीनं ये. कारखान्याचं काम आधी. घाई नको करू," कादरभाऊ म्हणाले. मग फोन माझ्याकडं देता देता परत ओढून घेतला. "पण जुम्म्याले ये."

आला तो. शुक्रवारी दुपारी आला, शनिवारी दिवसभर दोघं दुकानात मांडी घालून समोरासमोर, मधे भाभीची गादी. एक दोरा ओवतोय, एक टाका ओढतोय आणि दोघांचं भांडण चाललंय, टाक्यांत दोन बोटं अंतर ठेवायचं का अडीच. इतकं मोठ्यानं भांडण, की माझी दुपारची झोप मोडली. मी एकदाही गप्प बसा म्हटलं नाही. इरफान चष्म्यासाठी त्यांना जालन्याला घेऊन जायचं म्हणतो, ते नाही म्हणतात. तेही भांडण आहेच.

विजय पुण्याला गेला. फोनवर विचारतो, आई, मग गाडी कशी वाटली ते सांगितलंच नाहीस. काय सांगू? ती पेट्रोलवर चालते का विजेवर, मला कळलं नाही. बसायला चांगली का वाईट, ते कमरेला एक वाटतं, माकडहाडाला दुसरं. मी म्हटलं, चांगली आहे रे बाबा, चांगल्या वेळेला आली.

बघ, बोलता बोलता तुझा चहा गार झाला. दुसरा टाकते. आणि हे बघ, आता गेलीस की परत सहा महिने तोंड दाखवणार नाहीस, मला माहीत आहे. तसं करू नकोस. इरफान पुढच्या महिन्यात परत येणार आहे, तेव्हा ये. त्या दोघांच्या भांडणात पंच म्हणून बसायला कुणीतरी हवंच, मी एकटी पुरत नाही. कारनं ये, एसटीनं ये, ट्रॅक्टरवर बसून ये. पण लवकर येजो गं, बाप्पा.